शंका-समाधान : वर्गमुळाने वाढणाऱ्या पातळ्या

प्रश्न : टोपोलॉजिकल अर्धधातू (ज्यात इलेक्ट्रॉनच्या वरच्या आणि खालच्या ऊर्जापट्ट्या काही ठिकाणी एकमेकींना टेकतात असा पदार्थ) चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यावर अवरक्त प्रकाश टाकला, तर शोषणरेषांवरून नेमके काय ओळखता येते? (एक विद्यार्थिनी, दादर, मुंबई)

उत्तर : चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनची क्षेत्राला लंब असलेली गती बांधली जाते आणि ऊर्जा लँडाउ पातळ्या नावाच्या क्रमांकित पायऱ्यांमध्ये विभागली जाते. प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन एका पातळीवरून दुसरीवर उडी घेतो, तीच शोषणरेषा. साध्या अर्धवाहकात या पातळ्या गिरगावातल्या चाळीच्या मजल्यांसारख्या समान अंतरावर असल्यामुळे प्रत्येक उडीला सारखीच ऊर्जा लागते आणि ती क्षेत्राच्या प्रमाणात वाढते. टँटॅलम आर्सेनाइडसारख्या वाइल अर्धधातूत (टोपोलॉजिकल अर्धधातूंचा एक प्रकार) मात्र इलेक्ट्रॉनची ऊर्जा संवेगाच्या समप्रमाणात असल्याने पातळीची ऊर्जा क्षेत्र आणि पातळीक्रमांक यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणजे क्षेत्र चौपट केले, तरी ऊर्जा दुप्पटच होते, आणि वरचे मजले बुटके होत जातात (असा वास्तुरचनाकार कोणी नेमणार नाही!). कोणत्या उड्या शक्य आहेत हे सांगणाऱ्या निवडनियमानुसार पातळीक्रमांकात, अधिक-उणे चिन्ह सोडून, एकाचाच फरक चालतो (उणे क्रमांक खालच्या पट्टीतल्या पातळ्यांचे). त्यामुळे शून्यावरून एकवर जाणाऱ्या उडीची ऊर्जा एक मानली, तर उणे एकवरून दोनवर जाणारी उडी सुमारे २.४१ पट ठरते. माझ्या मते वाइल इलेक्ट्रॉन ओळखायला एकट्या रेषेपेक्षा हे गुणोत्तरच अधिक विश्वासार्ह आहे. रेषा शून्य क्षेत्राकडे नेताना ऊर्जाही शून्याकडे न जाता मध्येच थांबली, तर पट्ट्यांमध्ये लहानशी ऊर्जाफट आहे, म्हणजे त्या एकमेकींना टेकत नाहीत, असे समजावे.