सहा वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे, घरात कुत्रा आणावा का?

आणा, पण घाई करू नका. आधी ज्यांच्याकडे शांत कुत्रा आहे अशा ओळखीच्या घरी मुलाला दोन-चारदा न्या. भुंकणं ऐकून तो कान झाकतो का, चाटल्यावर बिथरतो का, ते बघा. आवाज अजिबात सहन होत नसेल तर त्याच्यावर कुत्रा लादू नका.

जमलं तर मात्र फार छान जमतं. कुत्रा ‘माझ्याकडे बघून बोल’ म्हणत नाही, एकामागून एक प्रश्न विचारत नाही. पाहुणे आले की माझा भाचा आतल्या खोलीत जाऊन आमच्या लॅब्रॅडॉरचा कान दोन बोटांत धरून चोळत बसतो, आणि ती शहाणी पोर जागची हलतसुद्धा नाही.

कॅनडात 42 मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासलं होतं. तो अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. सकाळी उठल्यावर होणारी त्याची वाढ कुत्रा घरी असताना 58 टक्क्यांवरून 10 वर आली, परत नेल्यावर 48 वर गेली. पण ते कुत्रे खास प्रशिक्षण दिलेले होते. घरच्या कुत्र्याकडून तेवढी अपेक्षा नको, आणि चालू असलेली थेरपी थांबवू नका.

पिल्लं दात लावतात, त्यापेक्षा स्वभाव कळलेला मोठा कुत्रा बरा. रेबीजची लस वेळेवर द्या, सुरुवातीला दोघांना एकटं सोडू नका. फिरवणं, खाणं मोठ्यांनीच बघायचं. पाण्याचं भांडं भरायचं काम तेवढं मुलाला द्या, रोज त्याच वेळेला.