समलैंगिक जोडप्याची प्रेमकथा असलेली ऐतिहासिक फॅन्टसी कादंबरी सुचवाल का?

मॅडलिन मिलर यांची ‘द साँग ऑफ अकिलीस’ डोळे झाकून घ्या. २०११ ची इंग्रजी कादंबरी आहे, २०१२ साली तिला लेखिकांच्या कादंबऱ्यांसाठीचा ऑरेंज पुरस्कार मिळाला.

काळ ग्रीक पुराणकथांमधल्या ट्रॉयच्या युद्धाचा. कथा सांगतो पॅट्रोक्लस. फाशांवरून झालेल्या भांडणात त्याच्या हातून एक मुलगा मरतो आणि बाप त्याला फ्थियाच्या राजाकडे हाकलून देतो. तिथला राजपुत्र अकिलीस, समुद्रदेवता थेटिसचा मुलगा. भर जेवणात अंजिरं हवेत झेलता झेलता तो एक अंजीर पॅट्रोक्लसकडे भिरकावतो, ‘झेल!’ इथून दोघांचं नातं हळूहळू उमलत जातं. मला सगळ्यात आवडतो तो पेलियन डोंगरावरचा भाग. नरतुरंग (अर्धा माणूस, अर्धा घोडा) कायरॉनच्या गुहेत दोघं शिकतात. पॅट्रोक्लसला तिथे मिळालेली वैद्यकी पुढे युद्धछावणीत जखमींच्या कामी येते. त्यामुळे तो नुसता ‘नायकाचा प्रियकर’ उरत नाही, स्वतःच्या बळावर मोठा होतो.

हे नातं लेखिकेनं मनानं रचलंय असं मात्र समजू नका. याच युद्धावरच्या ‘इलियड’ महाकाव्यात ग्रीक कवी होमर त्यांना उघडपणे प्रियकर म्हणत नाही, पण ग्रीक नाटककार एस्किलसच्या नाटकात आणि तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या ग्रंथात ते तसेच येतात. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीचे ग्रीकही ही गोष्ट अशीच वाचत होते.

इंग्रजी सोपं आहे. ‘इलियड’ वाचलेलं नसलं तरी अडत नाही. लढायांच्या तपशिलांपेक्षा माणसं जास्त आहेत. शेवट दुःखाचा आहे, रुमाल जवळ ठेवा.