पर्थमध्ये बिल्टाँग वाळवताना

जोहान्सबर्गहून येताना बॅगेत बिल्टाँग, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं मसाला लावून वाळवलेलं मांस, घालून आणायचा विचार सोड. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर मांस लपवलेलं सापडलं की दंड बसतो. घरीच कर. बीफचा सिल्व्हरसाइड (मागच्या मांडीचा तुकडा) घे, मांसाच्या रेषेच्या दिशेनं २ सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या काप. किलोला २० ते २५ ग्रॅम मीठ, वर मिरी आणि व्हिनेगर. धणे मात्र आपल्या गोड्या मसाल्यासारखे तव्यावर खमंग भाजून खलबत्त्यात भरड कुटायचे. तयार धणेपूड वापरलीस तर चव गेलीच म्हणून समज.

पहिल्या खेपेला मी पट्ट्या एकमेकींना चिकटून टांगल्या. तिसऱ्या दिवशी हिरवी बुरशी! जोहान्सबर्गचा हिवाळा कोरडा, पर्थचा ऐन पावसाचा, हे डोक्यातच आलं नव्हतं. पट्ट्या खोक्यात टांग, खाली बल्ब, वर छोटा पंखा लाव. पट्ट्यांत बोटभर अंतर ठेव. चार-पाच दिवसांत बाहेरून कडक, आत किंचित ओलसर होतात.

आणि हो, इथलं नागरिकत्व घेतलं की तिकडचं आपोआप जाईल, ही भीती आता नको. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयानं मे २०२५ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं. पण तिकडे जाता-येताना तिकडचाच पासपोर्ट लागतो, त्याची मुदत बघत राहा.