नॅनोछिद्रांत कोंडलेल्या द्रवाचा टीजी (काच-संक्रमण तापमान, ज्याखाली द्रव स्फटिक न होता काचेसारखा गोठतो) कमी होतो की वाढतो? कामाला सुरुवात कुठून करावी?

दोन्ही होतं, आणि कधीकधी एकाच नमुन्यात होतं. एवढं वाक्य बिनधास्त लिहिता यावं म्हणून मी जवळपास वर्षभर भांडलो आहे, त्यामुळे जरा लांबून सांगतो.

मी सॅलॉल घेतलं होतं, सहज काच बनणारं एक सेंद्रिय संयुग. ४२ अंश सेल्सियसला वितळतं, टीजी २२० केल्विनच्या आसपास. सिलिकाच्या सुमारे ५ नॅनोमीटरच्या छिद्रांत वितळवून भरलं आणि डायइलेक्ट्रिक स्पेक्ट्रम काढला (बदलत्या विद्युत क्षेत्राला रेणू किती वेगाने साथ देतात ते यात शिखरांच्या रूपात दिसतं), तर एका शिखराऐवजी दोन आली. एक मोकळ्या सॅलॉलपेक्षा वेगवान, म्हणजे टीजी कमी; दुसरं कितीतरी मंद, म्हणजे टीजी जास्त. प्रयोगशाळेतल्या सिनियरने पाहताक्षणी निकाल देऊन टाकला: मंद शिखर म्हणजे मॅक्सवेल-वॅग्नर ध्रुवीकरण, द्रव आणि सिलिकाच्या सीमेवर भार साचतो त्याचा परिणाम, रेणूंच्या हालचालीशी संबंध शून्य. फिटिंगमध्ये वजा कर आणि पुढे चल.

मी वजा केलं नाही. माझं म्हणणं असं की छिद्राच्या भिंतीवरचे सायलॅनॉल गट (सिलिकॉनला जोडलेले OH गट) सॅलॉलला हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात आणि तो थर मंद हलतो. मग भांडण्यापेक्षा तपासू या की! त्याच सिलिकाच्या अर्ध्या भागाचं सायलनायझेशन केलं, म्हणजे ते गट झाकून टाकले. द्रव आणि सिलिकाची सीमा तर तिथेच राहते, त्यामुळे ध्रुवीकरण असेल तर शिखर टिकायला हवं. टिकलं नाही. वेगवान शिखर जागच्या जागी, मंद शिखर गायब. क्रेमर यांच्या गटाने १९९०च्या दशकात सॅलॉलवरच हे दाखवलं होतं. तो पेपर पुढे ठेवला तरी 'आपला नमुना वेगळा आहे' एवढंच ऐकायला मिळालं. हे मला आजही पटत नाही.

म्हणून टीजी फक्त आकारावर ठरतो असं कोणी सांगितलं तर सरळ चूक म्हणा. १९९४ साली केडी, जोन्स आणि कोरी यांनी सिलिकॉनवर पॉलिस्टायरीनचे पातळ थर मोजले. १० नॅनोमीटरच्या थराचा टीजी सुमारे २५ अंशांनी खाली आला होता. त्याच लोकांना पीएमएमए या दुसऱ्या पॉलिमरचा टीजी सोन्यावर घटलेला आणि सिलिकॉन ऑक्साइडवर वाढलेला दिसला. पॉलिमर तोच, पृष्ठभाग बदलला. छिद्रांतही तसंच: भिंतीला चिकटलेला थर वर जातो, मधला गाभा बहुतेकदा खाली.

गाभा खाली का जातो यावर अजून एकमत नाही. एक बाजू म्हणते, एकत्र हलणाऱ्या रेणूंच्या गटाला पुरेशी जागाच उरत नाही. दुसरी म्हणते, भिंतीचा थर आधी गोठतो, मग थंड होताना गाभ्याला आकसता येत नाही, तो ताणला जातो, घनता कमी राहते आणि टीजी उतरतो. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण तिच्यासाठी भांडण्याइतकी माझी मोजमापं नाहीत.

सुरुवात करायची तर सिलिकाच्या एकाच बॅचचे दोन भाग करा, एक सायलनायझेशनने झाकलेला, एक उघडा. भरण्याआधी सिलिका निर्वातात तापवून नीट कोरडी करा, पाण्याच्या अंशाने निकाल फिरतात. भरल्यावर वजन करा. बाहेर राहिलेला जादा द्रव मोकळ्या द्रवाचं शिखर देतो आणि लोक त्यालाच तिसरं संक्रमण समजून बसतात.

एक राहिलं. सायलनायझेशनने छिद्र थोडं अरुंदही होतं, म्हणून दोन्ही भागांतल्या वेगवान शिखराच्या जागेतला बारीक फरक फार ताणू नका. शिवाय मॅक्सवेल-वॅग्नर ध्रुवीकरण खोटं नाही. द्रवात आयन असतील तर ते येणारच, आणि तिथे सिनियरचा मुद्दा मी मान्य करीन. सॅलॉलमध्ये नाही. पहिल्याच प्रयोगाला ग्लिसरॉल घेऊ नका, झाकलेल्या छिद्रांत ते सहज शिरत नाही आणि तुलनाच अडकून पडते.