पाऊस थांबला तरी लोकल लेटच का?

प्रश्न : आम्ही बदलापूरहून दादरला रोज जातो. सायन-कुर्ल्याला पाणी भरलं की गाड्या बंद होतात, ते एकवेळ ठीक. पण दुपारी पाणी ओसरतं, ऊनही पडतं, तरी रात्रीपर्यंत गाड्या लेट आणि वर कॅन्सल! असं का? – एक प्रवासी, बदलापूर

उत्तर : वैताग येणारच हो. सायन-कुर्ला पट्टा सखल, शेजारी मिठी नदी, त्यात भरती असली की पाणी जाणार कुठे? रुळांवर पाणी चढलं की ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे की नाही ते ओळखणारी विजेची यंत्रणा) बंद पडतं, सिस्टीम समजते की पुढे गाडी उभी आहे आणि सिग्नल लाल राहतो. ऑटोमॅटिक सिग्नल (पुढे गाडी आहे की नाही त्यावरून आपोआप बदलणारा) असेल तर मोटरमन दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबून मग अगदी हळू पुढे जातो, प्रत्येक लाल सिग्नलला हेच, त्यामुळे मागे रांग लागते ती लागतेच.

पण खरी गोची पाणी ओसरल्यावर असते. एकच रेक (म्हणजे डब्यांची अख्खी गाडी) दिवसभर फिरतो, तुमची सकाळची गाडी सीएसएमटीला पोचून तीच पुढे कसारा नाहीतर कर्जत म्हणून निघते. ती ठाण्यातच अडकली तर ती कसारा आणायची कुठून? शिवाय मोटरमन आणि गार्डची ड्युटी संपलेली, त्यांच्या जागी येणारे भलत्याच स्टेशनात अडकलेले. म्हणून कंट्रोलवाले काही फेऱ्या मुद्दाम रद्द करतात, काही ठाण्याहूनच परत फिरवतात, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे, सगळ्या गाड्या चालवायचा हट्ट धरला तर सगळ्याच रखडतात.

मात्र कुठली गाडी रद्द करायची याचा विचार हवाच. ठाण्याची एक गेली तर मागून दुसरी येते, कर्जत-बदलापूरच्या लागोपाठ दोन गेल्या तर माणसं दारात लटकतात, जीव जातो. आणि "तांत्रिक कारणामुळे" एवढंच सांगून काय उपयोग, पुढची गाडी किती वाजता आणि कुठपर्यंत जाणार ते सांगा ना, म्हणजे माणूस थांबायचं की घरी परतायचं ते ठरवेल.

तुमच्यापुरतं सांगायचं तर निघायच्या आधी यात्री ॲपवर गाडी कुठे आहे ते बघा. घाटकोपरपर्यंत गाड्या येत असतील आणि वेस्टर्न लाईन चालू असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी, तिथून दादर. लांब पडतं, पण ती मेट्रो वरून जाते, रुळांवर पाणी भरायचा प्रश्न नाही.