फ्लोरिडात जुनं घर घेतलंय. स्विमिंग पूलभोवतीचा जाळीचा पिंजरा काळा-हिरवा पडलाय, दोन-तीन ठिकाणी फाटलाय. दुरुस्त करावा की नवाच बसवावा?

जाळीकडे नंतर बघा, आधी स्क्रू बघा.

आम्ही टँपाजवळ राहतो. घर घेतलं तेव्हा माझंही सगळं लक्ष फाटलेल्या जाळीवरच होतं. एका खांबावर तपकिरी ओघळ दिसला, म्हणून वरच्या स्क्रूला पाना लावला. अर्धा फेराही झाला नसेल, तोच स्क्रूचं डोकं तुटून हातात आलं. भोवती पांढरी भुकटी जमली होती. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात साधे लोखंडी स्क्रू आणि वर दमट, खारी हवा, म्हणजे स्क्रू गंजतात आणि त्यांच्याभोवतीचं ॲल्युमिनियमही झिजतं. वादळात पिंजरा उभा राहतो तो या स्क्रूंच्या जिवावर, जाळीच्या नव्हे.

म्हणून खांब सरळ असतील, तळाची पट्टी काँक्रीटला घट्ट धरून असेल, तर नवा पिंजरा घेऊ नका. नायलॉनचं डोकं असलेले कोटेड किंवा स्टेनलेसचे स्क्रू आणा आणि एक काढला की लगेच त्या जागी नवा बसवा. एकदम चार-पाच सैल करू नका. तुळई वाकलेली असेल किंवा सांध्याला चीर असेल, तर मात्र परवानाधारक कंत्राटदारालाच बोलवा आणि परमिट लागतं का, ते काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) कार्यालयात विचारून घ्या.

हिरवा थर म्हणजे शेवाळ. पातळ ब्लीचच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने जातं. झाडांवर आधी साधं पाणी मारून ठेवा. प्रेशर वॉशर (जोराने पाणी मारायचं यंत्र) जवळून मारलात तर जुनी जाळी फाटेल. खांबावरून हात फिरवल्यावर तळवा पांढरा होत असेल, तर जुना रंग मेलाय. धुऊन, घासून, ॲल्युमिनियमचा प्रायमर लावून मग रंग द्या, तोही नवी जाळी लावायच्या आधी.

जाळी बसवायची रीत आपल्याकडच्या खिडकीच्या मच्छरजाळीसारखीच: खाचेत जाळी घालायची आणि रबरी दोरी, इथे तिला स्प्लाइन म्हणतात, चाकाने दाबायची. जुनी दोरी कडक होऊन आखडलेली असते, ती परत वापरू नका. नेहमीची जाळी 18 गुणिले 14 ची, म्हणजे एका इंचात एका दिशेला 18 आणि दुसऱ्या दिशेला 14 धागे. पाण्याजवळ राहत असाल आणि संध्याकाळी बारीक चिलटं चावत असतील, तर 20 गुणिले 20 ची घ्या. वारा थोडा कमी येतो. जाळी फार ताणू नका, पट्ट्या आत वाकतात. उभे भाग घरी होतात, मी स्वतः केले. छताचे भाग मात्र पैसे देऊन करून घेतले. त्या तुळयांवर फळी टाकून चालणं आपलं काम नाही.

घरात लहान मूल आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर हे नक्की वाचा. बऱ्याच घरांत हा पिंजराच पूलचं कुंपण असतो. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार असं कुंपण किमान 4 फूट उंच हवं, दार बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आपोआप बंद होऊन कडी लागणारं हवं. खालचे भाग उघडे ठेवून रात्रभर काम अर्धवट सोडू नका. आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, म्हणून मी रोज एकच भाग काढायचो आणि तो बंद केल्याशिवाय घरात जायचो नाही. दाराची स्प्रिंग तर सगळ्यात आधी बदलली.