वाचक विचारतात : गल्लीला पास मिळेल का?

प्रश्न : ताई, आमची गल्ली कॉलेज रोडला लागून आहे. सकाळी नऊपासून क्लासची मुलं आणि कॅफेची गिऱ्हाइकं गाड्या लावून जातात. आमच्या दोन गाड्यांपैकी एक बाहेर असते, तिला जागा उरत नाही. परवा हिला दवाखान्यात न्यायचं, तर गेटसमोर बुलेट! फक्त रहिवाशांना पास, असा झोन महापालिकेकडून करून घेता येईल का? तोवर जागा धरायला कुंड्या ठेवल्या आहेत.
– एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : काका, आधी कुंड्या आत घ्या. रस्ता महापालिकेचा, तिथे कुंडी ठेवली काय नि टपरी टाकली काय, अतिक्रमणच. गंगापूर रोडच्या आमच्या गल्लीत मीही दोन वर्षं अशीच जागा धरली होती. घंटागाडीने एक कुंडी फोडली तेव्हा अक्कल आली.

बुलेटसाठी झोन लागत नाही. इतरांना अडथळा होईल अशी गाडी उभी करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ मध्ये येतं. फोटो काढा, वाहतूक पोलिसांना कळवा.

आता पास. गाड्या कुठे उभ्या राहतील हे कलम ११७ प्रमाणे राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा, स्थानिक संस्थेशी बोलून ठरवते. त्यामुळे सोसायटीने स्टिकर छापले तर ते काचेची शोभा, बाकी काही नाही. अमेरिकेत आर्लिंग्टनला असा झोन झाला तेव्हा बाहेरून कामाला येणारे कोर्टात गेले. १९७७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने झोन वैध ठरवला. पण पास म्हणजे जागा नव्हे. पास खिशात ठेवूनही गल्लीत दोन फेऱ्या माराव्या लागतात.

म्हणून आधी मोजा. रात्री अकराला एकदा, सकाळी अकराला एकदा. मी वही घेऊन मोजलं, तर रात्री आमच्या गल्लीत एकतीस चारचाक्या आणि जागा जेमतेम बाविसांची. बाहेरची एकही नाही, सगळे आम्हीच! मग इमारतींखालचं पार्किंग पाहिलं. एकात फर्निचर रचलेलं. दुसऱ्यात पार्टिशन घालून क्लास. ज्या मुलांवर आम्ही डाफरत होतो, ती तिथेच शिकायला येत होती. अशा वेळी अर्ज झोनचा करू नका. मंजूर नकाशातलं पार्किंग मोकळं करा म्हणून नगररचना विभागाकडे करा.

रात्री गल्ली मोकळी आणि दिवसा भरलेली निघाली, तर तुमची मागणी रास्त. मात्र एकट्या गल्लीसाठी मागू नका, गाड्या शेजारच्या गल्लीत सरकतील आणि भांडण तुमच्या दारी येईल. पाच-सहा गल्ल्या एकत्र घ्या. झोन दिवसापुरता, बाहेरच्यांना दोन तासांची मुभा, पाहुण्यांना नि रुग्णाकडे येणाऱ्या नर्सला वेगळा पास. घरटी एक पास स्वस्त, दुसरा चांगला महाग. हे शेवटचं तुमच्या बैठकीत कुणाला आवडणार नाही, मला ठाऊक आहे.

दोन्ही मोजण्या अर्जाला जोडा. आणि तुमची ती बाहेरची दुसरी गाडी, काका, तीही मोजा.